शून्याच्या डावीकडचा काटा

दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त झालेली असतात. त्यांच्याकडे तीस-तीस वर्षं असतात. माझ्याकडे अडीच आहेत, आणि तीही अर्ध्या वेळेची. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. या अंकाचं काम बघणारे आमचे मराठीचे सर म्हणाले की तू त्या धुराच्या दुकानात नेमकं काय करतोस ते लिही, आम्हाला कुणालाच ते नीट माहीत नाही. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा सरांनी विचारलं नाही, कोरे कागद मोजून हातात दिले. म्हणून लिहितो आहे.

अंबाजोगाईत केज रस्त्याला विश्वनाथअप्पांचं टायरचं दुकान आहे. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात 'धूर तपासणी केंद्र' आहे. नवीन आर्थिक धोरण आल्यापासून जो तो काहीतरी नवीन धंदा काढत होता. कुणी केबल टाकली, कुणी एसटीडीची काचेची पेटी ठेवली. अप्पांनी धुराचं मशीन आणलं. मशीनबरोबर जे पुस्तक आलं ते इंग्रजीत होतं, त्यामुळे अप्पांना सायन्सचा मुलगा पाहिजे होता. मी युसूफ वडगाव या गावचा. वडील सायकलींचे पंक्चर काढतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. पुस्तक मलाही धड कळलं नाही, पण मी ते उघडून पाच मिनिटं गंभीरपणे बघितलं आणि अप्पांनी मला ठेवून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ए कालेज" म्हणतात.

वडिलांना मात्र या कामाचा अभिमान आहे. गावात ते सांगतात, "आमचा पोरगा गाड्यांच्या परीक्षा घेतो. नापास बी करतो."

काम तसं सोपं आहे. पेट्रोलच्या गाडीच्या धुरात एक विषारी वायू असतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. गाडी जागेवर चालू ठेवायची, मशीनची लांब नळी सायलेन्सरमध्ये घालायची आणि काटा बघायचा. चारचाकीला तीन टक्क्यांपर्यंत चालतं, दुचाकीला साडेचारपर्यंत. त्याच्या आत असलं की प्रमाणपत्र, बाहेर गेलं की कार्बोरेटर साफ करून परत या. एवढंच. काळा धूर ओकणारा ट्रॅक्टर आमच्या मशीनला चालत नाही, कारण तो डिझेलचा. हे गिऱ्हाइकाला समजावणं हेच माझं निम्मं काम आहे. डोळ्यांना दिसतो तो धूर मी मोजत नाही आणि दिसत नाही तो मोजतो, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. एका स्कूटरवाल्यानं तर मला विचारलं होतं की मग तू भुतं पण मोजतो का.

दुसरं एक सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे मशीन सकाळी चालू केलं की वीस मिनिटं तापू द्यावं लागतं. मग नळी स्वच्छ हवेत ठेवायची आणि एक स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा. आम्ही याला झिरो मारणं म्हणतो. म्हणजे त्या वेळी नळीत जी हवा जाते तिला मशीन 'स्वच्छ' समजतं आणि दिवसभर तिच्याशीच तुलना करतं. आमच्या दुकानात ही नळी टांगायला एक खिळा होता. तो महादेवाच्या फोटोच्या शेजारी होता.

आता गोंधळ कसा झाला ते सांगतो. सुरुवात माझ्यापासूनच झाली.

दुकानाबाहेर टायरचे भाव लिहायचा एक फळा होता. मला वाटलं, लोकांना रोज थोडी माहिती द्यावी. कॉलेजच्या वाचनालयात वर्तमानपत्रात वाचून मी एक ओळ लिहायचो. एका सकाळी लिहिलं, 'काही देशांत ज्या गाडीचा धूर कमी, तिला कर कमी.' खाली बारीक अक्षरात 'आपल्याकडे असा नियम नाही' असंही लिहिलं होतं. ते सगळ्यांनी वाचलं. पण वाचून त्यांनी जो अर्थ काढला तो मला सुचला नव्हता. अप्पांच्या बाकावर चहा प्यायला बसणाऱ्या मंडळींचं म्हणणं असं पडलं की बाहेरच्या देशातली केबल आली, बाटलीतलं काळं पाणी आलं, पुडीतले वेफर आले, मग हा कर यायला किती वेळ लागणार? आज आपल्याकडे नियम नाही याचा अर्थ उद्या येणार. आणि येईल तेव्हा सरकार जुने कागद बघणारच. म्हणून आत्तापासून कमी धुराचा कागद करून ठेवलेला बरा.

तशीही आरटीओत पासिंगच्या खिडकीवर कराची पावती आणि आमचा कागद बरोबरच बघतात. त्यामुळे लोकांच्या मनात ते दोन्ही आधीच एकमेकांचे भाऊ होते.

मग ज्यांना कधी बोलावूनही आले नसते असे लोक यायला लागले. पास होणं कुणाला पुरेना. आकडा किती ते पाहिजे. शाळेत जास्त गुणांसाठी भांडतात तसे हे कमी गुणांसाठी भांडायचे. दिंद्रुडचे दोन सख्खे साडू एकाच दिवशी मोटरसायकली घेऊन आले. एकाला दीड आला, दुसऱ्याला पावणेदोन. पावणेदोनवाले जेवले नाहीत. पुढच्या आठवड्यात परत आले, एक आणवला, आणि म्हणाले की आता साडूच्या दारावरून जातो. त्यांनी प्रमाणपत्राला फ्रेम केली असं नंतर कळलं.

या सगळ्यात एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली होती. सकाळी आलेल्या गाड्यांना आकडा फार चांगला यायचा. मी आठ ते साडेदहा दुकानात असायचो, मग कॉलेज, आणि परत चार ते सात. संध्याकाळी तीच गाडी आणली तर नापास व्हायची. लोक म्हणायला लागले की अप्पांच्या मशीनला गुण हाय, पण सकाळचा. अप्पा मान हलवायचे. मी सायन्सचा विद्यार्थी. मी म्हणायचो की सकाळी इंजिन थंड असतं म्हणून असेल. हे मी कशाच्या आधारावर म्हणत होतो ते मला आजही सांगता येणार नाही.

एका शुक्रवारी सकाळी घाटनांदूरहून भीमरावतात्या आले. तात्या बागायतदार माणूस, बोलायला ठणठणीत. त्यांच्याकडे एक जुनी पेट्रोलची मोटार आहे. कुण्या मोठ्या माणसाच्या लिलावात हौसेनं घेतलेली. घेतल्यावर काही महिने चालली आणि नंतर वाड्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. मोटार ट्रॅक्टरला दोराने बांधून आणली होती. तात्या मोटारीत स्टिअरिंग धरून बसले होते आणि सगळ्या रस्त्यानं ट्रॅक्टरचा धूर खाऊन त्यांचं तोंड तव्यासारखं झालं होतं.

म्हणाले, "मोज."

मी म्हणालो की तात्या, गाडी चालू करावी लागेल.

"चालू होत न्हाई. म्हणून तर आणली."

मी पुस्तकातला नियम सांगितला. तात्यांनी तो शांतपणे ऐकला. मग म्हणाले, "हे बघ कालेज. ही गाडी चार वर्सं जागची हालली न्हाई. कोंबडी अंडी घालती हिच्यात. तरी मी दरसाल टॅक्स भरतो. कावून भरतो? धूर हाय का हिचा? तूच फळ्यावर लिव्हलंस, कमी धूर तर कमी कर. आता घाल ती नळी अन् सांग किती धूर हाय."

बाकावरची मंडळी तात्यांच्या बाजूची झाली. मला वाटलं, नळी घालून शून्य दाखवावं म्हणजे विषय मिटेल. मी नळी घातली.

काटा शून्यावर थांबला नाही. तो हळूहळू डावीकडे गेला, शून्याच्या पलीकडे, जिथे आकडे छापलेलेच नाहीत, आणि लोखंडी पिनेला टेकून थरथरत राहिला.

तात्यांनी वाकून बघितलं. "हे काय?"

"शून्याच्या खाली गेला," मी म्हणालो.

तात्यांचा हिशेब चालला असावा. मग त्यांनी बोटं धरून सगळ्यांना समजावलं. जास्त धूर, जास्त कर. कमी धूर, कमी कर. धूर न्हाई, कर न्हाई. "अन् न्हाईच्या बी खाली गेला, म्हंजे सरकारनंच मला द्याया पायजे."

बाकावरची मंडळी माना डोलवायला लागली. प्रमाणपत्र देणं शक्य नव्हतं, पण तात्या कागद घेतल्याशिवाय हलायला तयार नव्हते आणि ट्रॅक्टरनं निम्मा रस्ता अडवला होता. शेवटी मी वहीचं पान फाडून लिहिलं, 'आज रोजी काटा शून्याच्या खाली गेला', आणि सही केली. या अडीच वर्षांत मला ज्या सहीची लाज वाटते ती हीच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. प्रयोगशाळेतले सर पहिल्या वर्षाच्या मुलांना मोजमापाचं साधन दाखवत होते. म्हणाले, आधी साधन शून्यावर आहे का बघा, साधनाचं शून्यच चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. मी शेजारच्या टेबलापाशी उभा होतो. माझ्या हातातला टेस्टट्यूबचा स्टँड खाली पडला.

अप्पा शिवभक्त. रोज सकाळी अंघोळ करून कपाळाला भस्म लावून दुकानात येतात आणि महादेवाच्या फोटोसमोर धुपाटी ठेवतात. धुपाटीत गोवरीचे निखारे आणि वर ऊद; निखाऱ्यांतूनही तोच न दिसणारा वायू निघतो. ती स्टुलावर ठेवलेली असते आणि स्टूल बरोबर त्या खिळ्याखाली, ज्याला आमची नळी टांगलेली असते. माझं मशीन रोज सकाळी गोवरीचा धूर हुंगून त्याला स्वच्छ हवा समजत होतं. खरी स्वच्छ हवा, म्हणजे बंद गाडीच्या सायलेन्सरमधली, त्याला भलतीच स्वच्छ वाटली. दुपारी रोज लाईट जायची, त्यामुळे चार वाजता मी परत झिरो मारायचो. तोपर्यंत धुपाटी विझलेली असायची. म्हणून संध्याकाळचे आकडे खरे. सकाळचा गुण अप्पांच्या धुपाटीचा होता.

हे कळून मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही, कारण सोमवारी केंद्राची तपासणी होती. आरटीओ कार्यालयातले साहेब येऊन मशीन बरोबर आहे का बघणार होते. बरोबर नसेल तर परवाना थांबणार. परवाना थांबला तर अप्पांना टायर होते, मला काहीच नव्हतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून मी वडिलांच्या शेजारी पंक्चर काढायला बसलो असतो. आणि अप्पांना सांगायचं कसं? ते दुकान त्यांच्या वडिलांनी ज्या दिवशी उघडलं त्या दिवसापासून ती धुपाटी बंद पडलेली नाही. तुमच्या पूजेनं मशीन बिघडलं, असं मी म्हणायचं? मी ठरवलं की सांगायचं नाही. सोमवारी सात वाजताच जाऊन, अप्पा यायच्या आत झिरो मारून टाकायचा.

सात वाजता गेलो तर अप्पा आधीच आलेले. सोमवार महादेवाचा, त्यात साहेब येणार, म्हणून ते सहालाच आले होते आणि निखारे दुप्पट घेतले होते. दुकानात समोरचा टायर दिसत नव्हता.

मी मशीन चालू केलं आणि नळी खिळ्यावरून काढून दाराजवळ नेली. अप्पांनी बघितलं. त्यांना वाटलं, आज नळीची जागा बदलली. ते धुपाटी घेऊन दाराजवळ आले आणि नळीला नीट धूप दाखवला. मी नळी खिडकीतून बाहेर सोडली. अप्पा दुकानाला वळसा घालून खिडकीखाली आले. "हिकडं राहिलं व्हय," म्हणाले. नळी चांगली लांब आहे. मी ती घेऊन रस्त्याच्या कडेला गेलो. मागून अप्पा आले. मी लिंबाच्या झाडाकडे सरकलो, अप्पाही सरकले. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईंनी धुपाटीला नमस्कार केला.

आणि त्याच वेळी साहेबांची स्कूटर येऊन थांबली. पुढे मी नळी उंच धरून, मागे अप्पा धुपाटी धरून.

साहेबांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

"पूजा," अप्पा म्हणाले.

"झिरो," मी म्हणालो.

साहेब बरे माणूस होते. काही न बोलता आत येऊन बसले. त्यांची तपासणीची पद्धत साधी होती. त्यांनी आदल्या दिवशी बीडला आपली स्कूटर तपासून घेतली होती, तिथे तीन पूर्णांक नऊ आला होता. आमच्या मशीननं त्याच्या आसपास दाखवलं तर मशीन ठीक. मी काट्याकडे बघितलं. या धुरात झिरो मारला तर स्कूटरला अडीचच्या आसपास येणार हे मला दिसत होतं. अप्पा धुपाटी घेऊन मशीनच्या अगदी जवळ उभे होते. आज मशीनला गुण यावा म्हणून त्यांचे ओठ हलत होते.

मी झिरोच्या स्क्रूवरचा हात काढला. मग म्हणालो, "अप्पा, मशीनला धूर लागतोय."

"देवाचा धूर हाय तो," अप्पा म्हणाले.

"मशीनला कळत न्हाई अप्पा, कुणाचा हाय ते."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता परवान्याच्या आधी माझीच नोकरी जाते. मग मी घाईघाईनं सगळं सांगितलं. सकाळचे आकडे, संध्याकाळचे आकडे, तात्यांची मोटार, डावीकडे गेलेला काटा. साहेबांच्या समोरच. सांगून झाल्यावर नळी मागच्या अंगणात नेली, तिथल्या हवेत झिरो मारला, आणि परत येऊन नळी धुपाटीवर धरली. काटा उठला आणि दीडवर जाऊन थांबला.

अप्पा काटा बघत होते. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजे धूप नापास?"

"न्हाई अप्पा. दुचाकीला साडेचार चालतं."

"चारचाकीत धरला तर?"

"तीनच्या आत हाय. चारचाकीत धरला तरी पास."

अप्पांनी धुपाटी स्टुलावर ठेवली, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "मंग तसं लिव्हून दे."

मी साहेबांकडे बघितलं. साहेब चहाच्या कपात बघत होते. म्हणाले, "द्या. शिक्का तेवढा मारू नका."

ते प्रमाणपत्र आजही महादेवाच्या फोटोखाली आहे. वाहनाचा प्रकार: धुपाटी. इंधन: गोवरी. निकाल: पास. त्यानंतर साहेबांच्या स्कूटरला नळी लावली. तीन पूर्णांक आठ. परवाना राहिला. धुपाटी आता मागच्या खोलीत असते. अप्पांनी महादेवाचा फोटोही तिकडेच हलवला आणि मला म्हणाले की देवाला बी जरा मोकळी हवा पायजे होती.

जाताना साहेबांनी सांगितलं की सकाळच्या वेळी पास केलेल्या गाड्या परत तपासा. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'साडेदहाच्या आत ज्यांची गाडी तपासली त्यांनी परत यावे. फुकट तपासू.' आठ दिवस तो फळा तसाच ठेवला. लोक यायचे, वाचायचे आणि गाडीचा वेग वाढवायचे. ते दोघे साडू अंबाजोगाईला एसटीनं यायला लागले. मी घरोघर जायला पाहिजे होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो. चांगला आकडा एकदा हातात आला की तो परत द्यायला कुणी येत नाही, एवढं मी त्या आठ दिवसांत शिकलो.

एक जण मात्र आला. नवव्या दिवशी भीमरावतात्या आले, वहीचं पान घडी करून खिशात ठेवलेलं. म्हणाले, "सरकारचं काय कळलं का?"

मी त्यांना बाकावर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. धुपाटी, खिळा, शून्य. मशीननं चुकीचं दाखवलं आणि मी त्यावर सही केली, माझी चूक झाली, असं म्हणालो. तात्या रागावतील म्हणून मी उभाच होतो.

तात्यांनी विचारलं, "मंग आता खरं मोजलं तर किती येईल?"

"शून्य."

"खाली न्हाई?"

"न्हाई. शून्य."

तात्यांनी हातातल्या पानाची परत घडी केली. "म्हंजे सरकारकडून येणारं गेलं," म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "जाऊ दे. पर माझ्याकडून जाणारं तरी कावून जातंय? मशीन चुकलं आसंल. गाडी कुठं चुकली? ती बंदच हाय की बे."

हे खरं होतं. मी साहेबांना जाऊन विचारलं. साहेब म्हणाले, गाडी वापरात नसेल तर आधी तसा अर्ज द्यावा लागतो, मग त्या काळाचा कर लागत नाही. हा नियम धुराचा नाही, जुना आहे. चार वर्षांत तात्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. मी अर्ज आणला आणि भरला. 'गाडी वापरात नसल्याचे कारण' या रकान्यात लिहिलं, 'इंजिन बंद'.

तात्या शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "त्याच्या म्होरं लिव्ह. धूर शून्य."

मी म्हणालो की त्याची गरज नाही.

"लिव्ह. तू मोजलाय."

मी लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून सही केली.

अर्ज मंजूर झाला. त्यामुळे फळ्यावरची ती ओळ, कमी धुराच्या गाडीला कमी कर, आमच्या तालुक्यात एका गाडीपुरती तरी खरी झाली आहे. ती गाडी घाटनांदूरला तात्यांच्या दारात उभी असते. मागच्या सीटवर कोंबडी बसलेली असते, म्हणून गाडी बघायला गेलं तर काच जरा हळू ठोकावी लागते.